जुने दोन लॅपटॉप: डेटा कसा हलवायचा, कुठल्यावर कुठली सिस्टिम टाकायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारी मोफत सुरक्षा अपडेट, संपला आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात घराघरांतले जुने लॅपटॉप एकदम चर्चेत आले. एक मुलाच्या इंजिनिअरिंगच्या वेळचा, एक सोसायटीच्या किंवा दुकानाच्या कामाचा, आणि दोन्ही चालू. टाकवत नाहीत, वापरायला भीती वाटते. अशा घरांतून आणि दुकानांतून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे घेतलेत. आपल्याकडच्या लॅपटॉपवर मराठी आणि कन्नड दोन्हीचं काम असतं, त्यामुळे परगावच्या माहितीत न सापडणाऱ्या काही अडचणी इथे येतात. त्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी नवी सिस्टिम टाकू की आधी डेटा हलवू?

आधी डेटा. डेटाच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर झाल्याशिवाय फॉरमॅटला हात लावायचा नाही. दुकानात देतानाही हे सांगून द्या. "फक्त सी ड्राइव्ह उडवतो, डी तसाच राहतो" असं ऐकून पुष्कळ लोक निर्धास्त होतात. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे सगळं सी मध्येच असतं. डेस्कटॉपवर ठेवलेली फाईल म्हणजे सी ड्राइव्हमधली फाईल.

डेटा म्हणजे नेमकं काय काय घ्यायचं? फोटो आणि वर्डच्या फाईली घेतल्या की झालं ना?

फोटो कोणी विसरत नाही. विसरतात ते पुढचं.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड. क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये खात्याने सिंक चालू असेल तर नव्या मशीनवर आपोआप येतात. नसेल तर सेटिंगमधून बाहेर काढता येतात. पासवर्डची काढलेली फाईल साधी उघडी असते, कोणालाही वाचता येते. काम झालं की ती लगेच उडवा.

आउटलुकची मेल. ऑफिसचं जुनं खातं असेल तर वर्षानुवर्षांची मेल एका पीएसटी फाईलमध्ये बसलेली असते आणि ती डेस्कटॉपवर दिसत नाही.

टॅलीचा डेटा. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटा कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता दिसतो. त्या फोल्डरात नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, एकेक आकडा म्हणजे एकेक कंपनी. ते सगळेच्या सगळे घ्या. शिवाय टॅलीतूनच एक बॅकअप काढा.

वनड्राइव्ह. ज्या फाईलवर ढगाचं चिन्ह दिसतं ती लॅपटॉपवर नसून इंटरनेटवर असते. कॉपी करायच्या आधी फोल्डरवर उजवं क्लिक करून ती कायम मशीनवर ठेवायचा पर्याय निवडा. नाहीतर यादी पूर्ण दिसते आणि ऐनवेळी फाईल उघडत नाही.

आणि फॉन्ट. त्यासाठी पुढचा प्रश्न वेगळा घेतलाय, कारण आपल्या भागात खरं नुकसान तिथेच होतं.

सोसायटीच्या ठरावांच्या जुन्या फाईली नव्या लॅपटॉपवर उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाईल खराब झाली काय?

फाईल ठणठणीत आहे. फॉन्ट आलेला नाही, इतकंच.

युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी-कन्नड सारखंच दिसावं म्हणून ठरवलेली अक्षरं साठवायची पद्धत) येण्याआधी, आणि आल्यावरही कितीतरी वर्षं, आपण श्री-लिपी, आकृती, कृती देव, आयएसएमचे सुरेख-योगेश असे फॉन्ट वापरले. कन्नडसाठी नुडी आणि बरहा. या जुन्या फॉन्टांत फाईलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. तिथे इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे आकडे असतात. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा किंवा कन्नडचा मुखवटा चढवतो. मुखवटा नसला की मूळचं उघडं पडतं. बेळगावातल्या एकाच कार्यालयाच्या एका फाईलमध्ये वर नुडीतलं कन्नड शीर्षक, खाली श्री-देव फॉन्टमधला मराठी मजकूर आणि शेवटी टाइम्स न्यू रोमनमधले आकडे असं हमखास असतं. म्हणजे एका पानाला तीन फॉन्ट लागतात.

म्हणून जुना लॅपटॉप सोडण्याआधी फॉन्ट उचला. सी ड्राइव्हमध्ये विंडोज नावाच्या फोल्डरात फॉन्ट्स नावाचा फोल्डर आहे, तो पूर्ण कॉपी करा. विंडोज १० वर कुणी फक्त स्वतःपुरते फॉन्ट टाकले असतील तर ते तिथे नसतात. वापरकर्त्याच्या लपलेल्या ॲपडेटा फोल्डरात लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा वाटेने गेलात की सापडतात. नव्या विंडोजवर फॉन्टवर उजवं क्लिक करून इन्स्टॉल करा. लिनक्समध्येही (विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत सिस्टिम) हेच फॉन्ट टाकता येतात आणि बहुतेक मजकूर दिसायला लागतो, तरी काही जुने फॉन्ट लिबरऑफिसमध्ये, म्हणजे तिथल्या वर्ड-एक्सेलसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये, नीट बसत नाहीत. विकत घेतलेला फॉन्ट आपल्याच दुसऱ्या मशीनवर नेतानाही परवान्याची अट एकदा वाचून घ्या.

श्री-लिपीची जुनी आवृत्ती लॉकवर चालते, म्हणजे लॅपटॉपच्या मागे खोचलेल्या त्या लहान डोंगलवर. फॉन्ट असला की जुना मजकूर वाचता येतो, पण टाइप करायला डोंगल आणि मूळ सीडी लागते. दोन्ही एका पाकिटात घालून कपाटात ठेवा, वर नाव लिहा.

मग सगळं एकदाच युनिकोडमध्ये बदलून टाकावं का?

जे पुन्हा वापरायचंय ते बदला. सोसायटीचे पोटनियम, सभासदांची यादी, मंडळाच्या वर्गणीच्या पावतीचा नमुना, शाळेचे दाखले. बाकी सगळं जुन्या लॅपटॉपवरूनच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे पुढे कुठल्याही मशीनवर, मोबाईलवरसुद्धा दिसतो. शोधता येणार नाही, पण वाचता येईल. तीसेक वर्षांच्या इतिवृत्तांसाठी तेवढं पुष्कळ आहे.

बदलणारी साधनं मिळतात, पण बदललेला मजकूर डोळ्याखालून घालायलाच हवा. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलटं: जुन्यात नंतर, युनिकोडमध्ये आधी. त्यामुळे "वर्गणी", "खर्च", "कर्नाटक", "स्थिती" असे शब्द तपासा. चुकलं तर इथेच चुकतं. आडनावांत आणि सर्व्हे नंबरांत चूक राहिली तर पुढे महागात पडते, म्हणून सभासदांची यादी दोघांनी बसून एकाने वाचत, दुसऱ्याने मूळ पानावर बोट ठेवत ताडून घ्यावी.

कॉपी करायचा सगळ्यात चांगला मार्ग कुठला?

बाहेरची हार्ड डिस्क किंवा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली वेगवान डिस्क). साधा, खात्रीचा, आणि काम झाल्यावर एक प्रत आपोआप हातात राहते.

वेळेचा अंदाज असा. जुन्या लॅपटॉपचं यूएसबी २ असेल तर प्रत्यक्षात सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो. १२० जीबी डेटाला तासाभरापेक्षा थोडं जास्त लागतं. पोर्टच्या आतली पट्टी निळी असेल तर तो बहुधा यूएसबी ३ असतो. तिथे चांगल्या डिस्कवर तेच काम अर्ध्या तासाच्या आत उरकतं. हजारो लहान फाईली असतील तर हे गणित कोलमडतं, दुप्पट-तिप्पट वेळ धरून चाला.

दोन्ही लॅपटॉप एकाच वायफायवर असतील तर लोकलसेंड नावाचं मोफत साधन विंडोज, लिनक्स आणि मोबाईल तिन्हीकडे चालतं, इंटरनेटही लागत नाही. पाच-दहा जीबीला उत्तम. पण जुन्या लॅपटॉपचं वायफाय मंद असतं, शंभर जीबी त्यावरून पाठवायला बसलात तर रात्र जाईल. लॅनची तार दोघांत सरळ जोडली तर वायफायपेक्षा बरं पडतं. जुना १०० एमबीपीएसचा पोर्ट असेल तरी सेकंदाला ११ एमबी मिळतात.

गुगल ड्राइव्ह? मोफत जागा १५ जीबी, त्यात जीमेल आणि फोटोही आले. खानापूरच्या पलीकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला राहणाऱ्यांनी अपलोडच्या भानगडीत न पडलेलं बरं.

पेन ड्राइव्हबद्दल एवढंच: चार-पाचशे रुपयांत "२ टीबी" मिळत असेल तर तो खोटा आहे. असल्या ड्राइव्हवर आकार मोठा दिसतो, कॉपीही पूर्ण झाल्यासारखी दिसते, पण खऱ्या जागेच्या पुढच्या फाईली उघडतच नाहीत.

दोन्ही बाजूंना यूएसबीचं सपाट टोक असलेली तार दोन लॅपटॉपांत जोडली तर डेटा जाईल का?

नाही. साध्या तारेने दोन्हीकडचा करंट एकमेकांत जाऊन पोर्ट जळायची शक्यता असते. मधे चिप असलेली डेटा ट्रान्सफरची तार वेगळी मिळते, पण तिच्यासाठी पैसे घालण्यापेक्षा बाहेरची डिस्क घ्या.

४ जीबीपेक्षा मोठा लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जात नाही. जागा तर भरपूर आहे.

पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये आहे, त्यात एक फाईल ४ जीबीच्या वर मावत नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि लिनक्स दोन्ही तो वाचतात.

लॅपटॉप चालूच होत नाही. डेटा गेला का?

बहुतेक वेळा नाही. मदरबोर्ड गेला तरी डिस्क शाबूत असते. जुन्या लॅपटॉपांत अडीच इंची साटा डिस्क असते. मागचे स्क्रू काढले की ती बाहेर येते. साटा-यूएसबीची तार किंवा डबी लावून ती दुसऱ्या लॅपटॉपला बाहेरच्या डिस्कसारखी जोडा. विंडोज "परवानगी नाही" म्हणालं तर कंटिन्यू दाबा, थोडा वेळ लागतो, मग फोल्डर उघडतो.

फक्त एक अडसर असतो, बिटलॉकरचा. काही लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्टच्या खात्याने शिरलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि मालकाला पत्ताही नसतो. दुसऱ्या मशीनला लावली की ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यावर साठवलेली असते. तेव्हा लॅपटॉप धडधाकट असतानाच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा. मुलाने पुण्याला जायच्या आधी स्वतःच्या ईमेलने खातं काढलेलं असेल तर त्याला आजच फोन करा.

डिस्कमधून टकटक आवाज येतोय, पण मधूनमधून चालते. काय करू?

बंद करा. आत्ता. पुन्हापुन्हा चालू करून बघणं, स्कॅन लावणं, फॉरमॅट करून बघणं, यातलं काहीही नको. प्रत्येक प्रयत्नाला डिस्क आणखी खरवडते. ज्याला ते काम येतं त्याच्याकडून आधी पूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्यायची आणि मग त्या प्रतीतून फाईली शोधायच्या. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हे काम करतं: चांगला भाग आधी उचलतं, खराब जागी अडून बसत नाही. आवाज येत नसला तरी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि मिंटमध्ये (लिनक्सचा एक प्रकार, पुढे येतोच) डिस्क्स हे साधन डिस्कची तब्येत दाखवतं, कॉपीला सुरुवात करण्याआधी एकदा बघा.

कॉपी नीट झाली हे कसं ओळखायचं?

दोन्हीकडच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाईलींची संख्या आणि बाइट्समधला आकार जुळला पाहिजे. मग वेगवेगळ्या वर्षांतल्या फाईली उघडून बघा, विशेषतः सगळ्यात जुन्या. शेवटची परीक्षा: जुना लॅपटॉप महिनाभर बाजूला ठेवून फक्त नव्यावर काम करा. काय राहिलं ते त्यात कळतं.

विंडोज ७ अजून झकास चालतंय की. कशाला बदलायचं?

इंटरनेटला लावत नसाल तर बदलू नका. लावत असाल तर बदला. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, ८.१ चा १० जानेवारी २०२३ ला. क्रोमची १०९ ही या दोन्हींवर चालणारी शेवटची आवृत्ती, त्यानंतर क्रोमने तिथे येणं बंद केलं. बँकेचं काम असल्या मशीनवर करणं म्हणजे जोखीम आपल्या खिशातून घेणं.

विंडोज १० असेल तर थोडी सवड आहे. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. त्यासाठी २२एच२ ही शेवटची आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंगमध्ये अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा येतो, आणि सेटिंग्जचा बॅकअप खात्यावर सिंक केला तर पैसे पडत नाहीत. ही सवड डेटा आवरायला वापरा.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का? एकजण म्हणतो चालतं, एकजण म्हणतो नाही.

प्रोसेसरचं नाव बघा. आय५ च्या पुढे ५२०० असेल तर पाचवी पिढी, ८२५० असेल तर आठवी. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची, लॅपटॉपात एएमडीचं साधारण रायझन ३००० किंवा पुढचं, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा एवढं लागतं. कागदावर ४ जीबी म्हटलंय खरं, पण त्यावर विंडोज ११ चालवणं म्हणजे चहा करून येईपर्यंत वाट बघणं. ८ जीबी नसेल तर नको.

"चालतं" म्हणणारा रुफस नावाच्या साधनाने अटी वगळून टाकतो. तसं करता येतं. पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोअर २ ड्युओसारख्या फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही, कारण लागणाऱ्या सूचना त्या चिपमध्ये नाहीत. आपल्या कामाच्या मशीनवर असला उद्योग करू नये असं माझं मत.

खाली चिकटवलेल्या विंडोज ७ च्या स्टिकरवरच्या किल्लीने विंडोज १० चालू होत नाही. पूर्वी व्हायचं.

बरोबर, ती वाट २०२३ मध्ये बंद झाली. याच मशीनवर पूर्वी कधी विंडोज १० रीतसर चालू झालेलं असेल तर मात्र किल्लीशिवाय, इंटरनेट लावलं की आपोआप होईल.

लिनक्स टाकायचं तर कुठलं? नावंच शंभर आहेत.

लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. २ जीबी रॅमवर सुरू होतं, पण आरामात चालायला ४ जीबी हवी. विंडोजची सवय असलेल्याला खालची पट्टी, मेनू, घड्याळ सगळं ओळखीच्या जागी सापडतं. पेन ड्राइव्हवरून टाकण्याआधी चालवूनही बघता येतं: वायफाय लागतं का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, हे सगळं आधी तपासा.

फक्त २ जीबी असेल तर लुबंटू किंवा अँटीएक्स. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या ॲटम नेटबुकांत ३२ बिटचाच प्रोसेसर असेल तर मिंट बसणार नाही. डेबियन १२ ही ३२ बिटचा इन्स्टॉलर देणारी शेवटची आवृत्ती, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तो नाही. पण "३२ बिट विंडोज आहे" म्हणजे प्रोसेसर ३२ बिट असं नव्हे. त्या काळी २ जीबीच्या ६४ बिट मशीनवरही सर्रास ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे.

दोन्ही लॅपटॉपांवर एकच सिस्टिम टाकावी का?

कशाला? दोन मशीन आहेत तर कामं वाटून द्या. बहुतेक घरांना आणि दुकानांना मी हेच सांगतो.

एकावर जुनं विंडोज तसंच ठेवा आणि त्याचं इंटरनेट तोडा. वायफायचा पासवर्ड विसरायला लावा. श्री-लिपी, पेजमेकर (छपाईची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर), नुडीची जुनी आवृत्ती, जुना प्रिंटर, डोंगल हे सगळं त्याच्यावर. लग्नपत्रिका आणि पावतीबुकं छापणाऱ्यांचं निम्मं काम अजून पेजमेकर ७ च्या फाईलींत आहे, आणि ते सॉफ्टवेअर २००१ चं. नव्या सिस्टिमशी त्याची कुस्ती लावण्यात दिवस घालवू नका. दुसऱ्यावर, म्हणजे दोघांतल्या जरा ताकदवान मशीनवर, मिंट किंवा अटी पुरत्या असतील तर विंडोज ११. बँक, ईमेल, जमिनीचा उतारा काढणं, मुलांचा अभ्यास सगळं तिथे.

मधली ये-जा एकाच ठरलेल्या पेन ड्राइव्हने. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेला पेन ड्राइव्ह मात्र विंडोज ७ ला थेट लावू नका. आधी मिंटमध्ये उघडून त्यातल्या नको त्या फाईली उडवा, शॉर्टकटचे व्हायरस तिथे उघडे पडतात.

टॅली आणि जीएसटीचं काम आहे. लिनक्स चालेल?

टॅलीसाठी विंडोजच ठेवा. डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तरीही. जीएसटीचं पोर्टल ओटीपीने वापरणाऱ्याला लिनक्समध्ये काही अडत नाही, ब्राउझर असला की झालं. मशीन बदलताना टॅलीचा परवाना जुन्या मशीनवरून आधी सरेंडर करा, मग नव्यावर चालू करा. जुनं फॉरमॅट झाल्यावर आठवलं तर फोनाफोनी आलीच.

प्रिंटर लिनक्सला लागेल का?

एचपीचे बहुतेक लागतात. नवे वायफायवाले तर आपोआप सापडतात. घोटाळा आहे तो प्रत्येक दुसऱ्या दुकानात असलेल्या कॅनन एलबीपी २९०० चा. प्रिंटर अमर आहे, पण लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर बसवणं डोकेदुखी. तो विंडोजवाल्या लॅपटॉपलाच राहू द्या आणि पीडीएफ करून तिकडे न्या.

मिंटवर मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करता येईल का? मला नुडीचा कीबोर्ड पाठ आहे.

मग तुमचं काम सगळ्यात सोपं. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये लेआउट वाढवताना भारताच्या यादीत "मराठी (कगप, फोनेटिक)" असा पर्याय आहे आणि कन्नडचाही तसाच. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, नुडी काढणारी तीच संस्था. तिच्याच रचनेवर मराठी बसवलेलं आहे: के वर क, शिफ्ट धरून के वर ख, जोडाक्षरासाठी मधे एफ. कन्नड टाइप करणाऱ्या बोटांना मराठीसाठी नवं काही शिकायला लागत नाही. इन्स्क्रिप्ट हा सरकारी कीबोर्ड येणाऱ्यांसाठी तोही आहे. इंग्रजी, मराठी, कन्नड तिन्ही लेआउट लावून एका बटणाने फिरवता येतात. विंडोज १० वरही २०१९ च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो, पण त्याची रचना वेगळी, इंग्रजी स्पेलिंगवरून जाणारी.

मिंट टाकलं आणि वायफायच दिसत नाही.

ब्रॉडकॉमची वायफाय चिप असेल तर असं होतं. मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग (मोबाईलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, इंटरनेट येईल. मग मेनूतल्या ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका आणि पुन्हा सुरू करा.

विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवलं. मिंटमधून डी ड्राइव्हच्या फाईली दिसतात पण बदलता येत नाहीत.

विंडोज पूर्ण बंद झालेलं नाही. फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं आणि डिस्क धरून ठेवतं. विंडोजमध्ये शिफ्ट धरून शटडाउन करा, आणि कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पर्यायांतून फास्ट स्टार्टअप कायमचं काढा.

पैसे थोडेच आहेत. रॅम घालू की एसएसडी?

एसएसडी. जुना लॅपटॉप मंद असतो तो नव्वद टक्के वेळा फिरणाऱ्या डिस्कमुळे. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घाला, जुनी डिस्क डबीत घालून बॅकअपला वापरा. रॅम २ जीबी असेल तरच आधी रॅम. घेताना डीडीआर३ की डीडीआर३एल ते बघून घ्या. १.३५ व्होल्टची मागणाऱ्या मशीनला साधी १.५ व्होल्टची चालत नाही. जुनी पट्टी काढून दुकानात दाखवणं सगळ्यात सोपं.

सिस्टिम टाकताना करंट गेला तर?

डेटा आधी बाहेर काढलेला असेल तर काही बिघडत नाही, पुन्हा पहिल्यापासून टाकायचं. बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावून बसा. पावसाळ्यात वादळाच्या संध्याकाळी हे काम काढू नये. बायोसचं (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचं) अपडेट मात्र मेलेल्या बॅटरीवर अजिबात करू नका. ते मधे तुटलं तर मशीन उठत नाही.

मुलीला फक्त ऑनलाइन अभ्यास करायचाय. क्रोमओएस फ्लेक्स कसं?

क्रोम ब्राउझरभोवती बांधलेली ही गुगलची मोफत सिस्टिम, ४ जीबी रॅम असेल तर चांगली. पण मोबाईलवरची ॲप त्यावर चालत नाहीत, आणि इंटरनेट नसलं की फारसं काही करता येत नाही. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) कुठल्या शाखेला जाणार असेल, प्रोग्रामिंग लागणार असेल, तर सरळ मिंट द्या.

व्हॉट्सॲपचे लॅपटॉपवरचे मेसेज हलवायचे आहेत.

मूळ सगळं मोबाईलवर असतं. नव्या लॅपटॉपवर क्यूआर कोड जोडा, आपोआप येतील. लॅपटॉपवर डाउनलोड केलेल्या फाईली तेवढ्या वेगळ्या उचला.

एक लॅपटॉप विकायचा आहे. सगळं डिलीट केलं, एवढं पुरे ना?

पुरे नाही. रिसायकल बिन रिकामा केला तरी फाईली परत काढता येतात. आधार, पॅन, पासबुकाचे स्कॅन सगळ्यांच्याच लॅपटॉपवर असतात. विंडोज १० मध्ये रीसेटला जाऊन सगळं काढायचा पर्याय निवडा आणि सेटिंग बदलून ड्राइव्ह साफ करायची खूण करा, त्याला काही तास लागतात. त्याहून सोपं म्हणजे डिस्क काढून स्वतःकडे ठेवा आणि डिस्कशिवाय विका. किंमत थोडी कमी येईल.

टचपॅड वर उचलल्यासारखा झालाय, क्लिक होत नाही.

खालची बॅटरी फुगलीय. चार्जर काढा, मशीन बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. दाबून बसवायचा, टाचणी मारून हवा काढायचा प्रयत्न नको, पेट घेते. बॅटरी मागून सुटी निघणारी असेल तर हलक्या हाताने काढा. आत स्क्रूने बसवलेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. ती कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. बॅटरी निघाली की बरेच जुने लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात, तेवढ्यात डेटा काढून घ्या. चाललाच नाही तर डिस्क बाहेर काढून डबीत घाला.